उताराला आडवे? ट्रॅक्टर नको!

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यात किती वाचले, हे जालन्यात पोराटोरांनाही पाठ आहे. तो हिशेब सोडून देऊ. माझा जीव अडकलाय तो पावसाने बांधाबांधावर माजलेल्या गवतात. दसऱ्याला आणलेल्या मिनी ट्रॅक्टरमागे गवत कापायचा स्लॅशर जोडून तिथे घुसायचा मोह कुणालाही होईल.

आपल्या जिल्ह्याने एक धडा पक्का गिरवलाय : उताराला आडवे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने कडवंचीत पाणलोटाचे काम केले ते याच सूत्रावर. पाणी अडले, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. सूत्र सोन्यासारखेच, पण ते पाण्याचे आहे. तीव्र उतारावर ट्रॅक्टर आडवा चालवला की बराचसा भार खालच्या चाकांवर येतो. त्यात वरचे चाक ढेकळावर चढले किंवा खालचे उंदराच्या बिळात खचले, की संपले. मिनी ट्रॅक्टर अरुंद असतो म्हणून मोसंबीच्या ओळीत शिरतो, आणि अरुंद असतो म्हणूनच कलंडतोही.

पंधरा अंशांपुढे जाऊ नये, असा ढोबळ नियम आहे. अंश मोजायला यंत्र कशाला? मीटरभर काठीचे एक टोक उतारावर टेकवा, काठी पाणसळीने सपाट धरा. दुसऱ्या टोकाखाली जमीन २७ सेंटीमीटर खोल, म्हणजे पंधरा अंश. शेततळ्याच्या भरावाचा उतार एकास दीड धरला, तर हीच खोली ६७ सेंटीमीटर भरते. तिथे ट्रॅक्टरचे कामच नाही.

सौम्य उतारावर गवत उभे कापावे. मागे स्लॅशरचे वजन असताना पुढे तोंड करून चढलात तर पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर चालकावरच उलटतो. म्हणून चढताना रिव्हर्स, उतरताना पहिला गिअर, आणि क्लचवर पाय नाही. दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडलेले हवेत. शेतात वळायला सोपे म्हणून ही पट्टी काढून ठेवायची आपली सवय. उतारावर एकच ब्रेक दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. ओल्या काळ्या मातीत तर जाऊच नये. आणि मडगार्डवर पोरगं बसवणे? त्यावर काय लिहायचे!

माझा खरा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरवर चालकाला वाचवणारी पोलादी कमान सक्तीची केली. आपल्याच कंपन्या अमेरिकेत ट्रॅक्टर विकताना ती बसवून देतात. इथे मात्र बहुतेक ट्रॅक्टर तिच्याविना फिरतात, आणि गिऱ्हाईक टपाला छत्री अन् साउंड सिस्टीम मागते. जीएसटीत वाचलेल्या पैशांतून आधी कमान विचारा. ती असेल तरच सीटबेल्ट बांधा. नसताना बांधलेला बेल्ट ट्रॅक्टरखालीच अडकवून ठेवतो.

शेततळ्याच्या भरावाला विळाच बरा. स्लॅशरने चिंधड्या केलेले गवत गोठ्यात नेता येत नाही. विळ्याने कापलेल्याची पेंढी बांधून म्हशीपुढे टाकता येते.