रेडिओ आकडा उलटा सांगतो

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये, स्टीलच्या भांड्यांच्या खणखणाटात हिशेब लिहिण्यात माझी नोकरी झाली. हौस मात्र रेडिओची. गाणी ऐकण्याच्या रेडिओची नव्हे, हॅम रेडिओची. केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, परवाना आणि कॉलसाइन देते. जनरल श्रेणीचं कॉलसाइन व्हीयू२ने सुरू होतं, रिस्ट्रिक्टेडचं व्हीयू३ने. एवढं हातात आलं की घरातून स्वतःचं केंद्र चालवता येतं. त्यावर पैसे कमवायला बंदी. आंतरराष्ट्रीय नियमांत या सेवेची जी व्याख्या आहे, तिच्यात पहिलाच हेतू लिहिलाय तो स्वतः शिकण्याचा.

पूर्वी हे शिकणं म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, कॉइल गुंडाळायची, डाग द्यायचा. आता रिग, म्हणजे संदेश पाठवण्या-घेण्याचं यंत्र, तयार मिळते. वन बीएचकेमध्ये सोल्डरिंगचा धूर घरच्यांना चालत नाही आणि गच्चीवर अँटेना लावायची तर सोसायटीची सभा! मग स्वतःच्या हाताने करण्यासारखं उरलं काय? माझं उत्तर: सॉफ्टवेअर. तेही मोबाइलचं नको, संगणकाचंच. कारण रिगला यूएसबी केबल लावायची असते, साउंडकार्डातून आवाज आत-बाहेर न्यायचा असतो.

पायथॉन ही भाषा फुकट आहे आणि खिडक्या-बटणं काढण्याचं टीकेइंटर सहसा तिच्याबरोबरच येतं. पहिला प्रोग्रॅम लोकेटरचा करावा. हॅम आपला पत्ता चार खुणांत सांगतात. या पद्धतीला मेडनहेड म्हणतात. ती १९८०मध्ये इंग्लंडातल्या त्या नावाच्या गावी ठरली. भाईंदरचा रेखांश साधारण ७२.८५. त्यात १८० मिळवा, २०ने भागा: पूर्ण भाग १२. ए म्हणजे शून्य धरून मोजलं की अक्षर येतं एम. बाकी १२.८५, तिला २ने भागून ६. अक्षांश १९.३ मध्ये ९० मिळवा, १०ने भागा: १०, म्हणजे के. बाकीतला पूर्णांक ९. झाला पत्ता: एमके६९. कुलाब्याचा हॅम मात्र एमके६८मध्ये बसतो. चर्चगेटहून आपली लोकल लोअर परळच्या आसपास एका चौकोनातून दुसऱ्यात शिरते, आणि डब्यात लटकलेल्या कुणाला पत्ताही नसतो. बेरीज, भागाकार, बाकी. हिशेबनिसाला आणखी काय हवं?

दुसरी गोष्ट घड्याळाची. हॅमच्या लॉगबुकात जगभर एकच वेळ लिहितात, यूटीसी. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे १५ ऑगस्टला पहाटे तीन वाजता मारलेल्या गप्पा लॉगमध्ये १४ ऑगस्टच्या २१:३०ला जातात. घड्याळ बदलतं तशी तारीखही बदलते, महिनाअखेर असेल तर महिनाही. प्रोग्रॅमने हे आपोआप करावं, माणसाच्या झोपाळू डोक्यावर सोडू नये.

खरी गंमत रिगशी बोलण्यात. आयकॉम कंपनीच्या रिगला ‘तू कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहेस’ असं विचारायला सहा बाइट लागतात: दोनदा एफई, मग रिगचा पत्ता, मग संगणकाचा, मग ०३ हा प्रश्न आणि शेवटी एफडी. रिग १४.०७४ मेगाहर्ट्झवर असेल तर उत्तरात आकडे येतात ००, ४०, ०७, १४, ००. उजवीकडून एकेक जोडी उचलत या: ००१४०७४०००, म्हणजेच १,४०,७४,००० हर्ट्झ. जोडी तशीच ठेवायची, क्रम तेवढा उलटा. पडद्यावर आकडा दिसला आणि रिगची नॉब फिरवल्यावर तोही फिरला, तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, “हा आकडा तर रिगवरही दिसतोय की!” खरं आहे. पण तो मी आणलेला नव्हता.

मला लॉगमध्ये मराठी शेरे हवे होते. इथे युनिकोड आडवं येतं. ‘भाईंदर’ आपल्याला चार अक्षरी दिसतं; संगणक त्यात सहा चिन्हं मोजतो आणि यूटीएफ-८मध्ये साठवताना अठरा बाइट खर्च करतो. हॅम एकमेकांना लॉग पाठवतात त्या एडीआय फाइलीत प्रत्येक नोंदीआधी तिची लांबी लिहावी लागते, आणि त्यात देवनागरी चालतच नाही. म्हणून मराठी शेरे माझ्या एसक्यूलाइट डेटाबेसच्या तक्त्यात वेगळ्या रकान्यात राहतात आणि एडीआय फाइल काढताना मागेच थांबतात.

मोठ्यांची कामं वाचायला मोकळी आहेत, हे या छंदाचं मोठेपण. पल्सारवरच्या कामासाठी १९९३चं नोबेल मिळवणारे जो टेलर स्वतः हॅम. त्यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्यासह २०१७मध्ये एफटी८ ही संगणकाने संदेश पाठवण्याची पद्धत आणली. संदेश १२.६४ सेकंदांचा, पाळी १५ सेकंदांची, जागा जेमतेम ५० हर्ट्झ. माणसाच्या बोलण्याला अडीच-तीन हजार हर्ट्झ लागतात! शेजारच्या इन्व्हर्टरच्या खरखरीत बोलणं बुडतं, एफटी८ बऱ्याचदा तरतं. फक्त संगणकाचं घड्याळ सेकंदाभरातच मागेपुढे हवं. त्यांच्या डब्ल्यूएसजेटी-एक्स या प्रोग्रॅमचा सोर्सकोड सगळ्यांना खुला आहे; त्यातला बराचसा गणिती भाग फोरट्रानमध्ये आहे, म्हणजे माझ्याहून वयाने मोठ्या भाषेत. हैदराबादच्या अशर फरहान यांचा मायक्रोबिटएक्स ही रिगही तशीच उघडी: सर्किट पाहा, आतलं सॉफ्टवेअर बदला.

तयार सॉफ्टवेअर इतकं चांगलं असताना हा खटाटोप कशाला, असं तरुण हॅम विचारतात. मीही रोजच्या कामाला डब्ल्यूएसजेटी-एक्सच वापरतो. पण ज्याने रिगचं एक उत्तर स्वतः उलगडलंय, त्याला ते सॉफ्टवेअर चालेनासं झालं तर कुठे बघायचं ते कळतं. बाकीचे संगणक बंद करून पुन्हा चालू करतात. भूकंपात, पुरात हॅमच्या मदतीचं कौतुक आपण करतो. किल्लारीला १९९३मध्ये आणि भूजला २००१मध्ये ते कामी आले. अशा ठिकाणी दुरुस्तीला मेकॅनिक येत नसतो.

घरात मूल असेल तर त्याला आधी लोकेटरचा प्रोग्रॅम करायला द्या, आपल्या गावाचा चौकोन काढू द्या. हॅमच्या परवान्यासाठी किमान वय १२ वर्षं आहे. या प्रोग्रॅमला तेवढीही अट नाही.