रोखे-घोटाळ्यानंतरची सुधारणा : काही गैरसमज

१९९२ च्या रोखे-घोटाळ्याविषयी आजही सर्रास असे सांगितले जाते की, शेअरबाजारात सट्ट्याला ऊत आला, त्याचा बोभाटा झाला आणि मग सरकारला जाग येऊन सेबीची स्थापना झाली. हा कालक्रमच मुळात उलटा आहे. सेबी १९८८ पासून अस्तित्वात होती. तिला वैधानिक अधिकार देणारा वटहुकूम जानेवारी १९९२ मध्ये निघाला, एप्रिलच्या आरंभी त्याचा कायदा झाला, आणि घोटाळा वृत्तपत्रातून उघडकीस आला तो त्याच महिन्याच्या २३ तारखेला.

दुसरा गैरसमज याहून खोल आहे. पैसा खेळला शेअरबाजारात हे खरे. परंतु तो आला कोठून, हे पाहू गेल्यास दलाल स्ट्रीट सोडून बँकांच्या दफ्तरांकडे वळावे लागते. सरकारी रोख्यांच्या मालकीची नोंद रिझर्व्ह बँकेच्या वह्यांत हाताने होत असे आणि तिला विलंब लागे. म्हणून रोखे विकणारी बँक प्रत्यक्ष रोख्यांऐवजी, रक्कम पावली असून रोखे मागाहून देऊ अशा आशयाची बँक रिसीट खरेदीदार बँकेच्या हवाली करी. हा कागद निःशंकपणे स्वीकारला जात असल्यामुळे बँक ऑफ कराड आणि मुंबईची मेट्रोपॉलिटन सहकारी बँक यांनी पाठीशी रोखे नसतानाही अशा पावत्या दिल्या, एका बँकेने दुसरीच्या नावे काढलेले धनादेश दलालांच्या खात्यांत जमा होत गेले, आणि घोटाळ्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या जानकीरामन समितीने हिशेब मांडला तेव्हा सुमारे ४,००० कोटी रुपयांची तफावत निघाली.

म्हणूनच, खटले आणि चौकशा यांचा गाजावाजा पुष्कळ झाला असला, तरी माझ्या मते खरी मोलाची सुधारणा ही की, १९९५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे आणि त्यांची किंमत यांचे हस्तांतर एकाच वेळी घडवून आणण्याची पद्धत सुरू केली. पुढल्याच वर्षी डिपॉझिटरी कायदा येऊन शेअरांचीही कागदी प्रमाणपत्रे मागे पडू लागली.

तथापि, एवढ्याने बाजार कायमचा सुरक्षित झाला असे समजणेही चूक आहे. २००१ मध्ये शेअरदलाल केतन पारेख याच्या प्रकरणात अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाईल सहकारी बँकेने पुरेशी रक्कम जमा नसताना पे-ऑर्डरी दिल्याचे उघड झाले. शेअरांच्या सौद्यांची पूर्तता पुढे ढकलू देणारी बदला-पद्धत त्यानंतर बंद झाली. सहकारी बँकांवरील अंमल मात्र सहकार निबंधक आणि रिझर्व्ह बँक यांच्यात विभागलेलाच राहिला. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना स्वतःच्याच खात्यातून सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा आरंभी मिळाली, आणि या बँकांच्या व्यवस्थापनाबाबत रिझर्व्ह बँकेला व्यापक अधिकार देणारी दुरुस्ती झाली ती त्यानंतर, २०२० मध्ये.