कुत्र्याचे दुखणे कोणाला सांगावे?

जालना-जिंतूर रस्त्याला सेलूचा रस्ता जेथे येऊन मिळतो, तो आमचा देवगाव फाटा. फाट्यावर हॉटेले आहेत, गॅरेजे आहेत, मालट्रका थांबतात आणि या सर्वांच्या आश्रयाने कुत्रीही राहतात. त्यांतले कोणते कोणाचे, हे सांगणे अवघड. गॅरेजच्या दारात निजणारे कुत्रे हॉटेलातली भाकरी खाते आणि रात्री हमालांच्या पोत्यांची राखण करते. एरवी त्याला धनी नसतो. पण ते आजारी पडले म्हणजे एकदम दहा धनी उभे राहतात आणि दहाही जण सल्ला देतात. आखाड्यावर बांधलेल्या कुत्र्याची किंवा सेलू-परभणीच्या घरांतून पाळलेल्या विलायती जातीच्या पिल्लाची गोष्ट याहून वेगळी नाही. धनी एकच असतो, पण सल्लागार तितकेच.

हा सल्ला कसा मागावा, कोणाकडे मागावा आणि कोणता मुळीच मानू नये, एवढाच आजचा विषय. आम्ही पशुवैद्य नव्हे. हमाल आणि मोटार कामगार यांच्या संघटनेत आमची उमर गेली. शाळा थोडी झाली, बाकीचे वाचून आणि जाणत्यांना विचारून मिळवले. परंतु तक्रार कशी ऐकावी आणि कशी मांडावी, हे मात्र आमच्या धंद्याचे काम आहे. कामगार येऊन म्हणतो, "साहेब, अन्याय झाला." एवढ्यावर कोणाचेही काही चालत नाही. कधी झाला, किती पैशांचा झाला, कोणासमोर झाला, हे विचारावे लागते. कामगाराला निदान तोंड आहे. कुत्र्याच्या बाबतीत साक्षीदारही आपण आणि वकीलही आपणच.

बहुतेक धनी डॉक्टरांना एकच वाक्य सांगतात: "दोन दिवस झाले, खात नाही." आता न खाण्याची कारणे पन्नास. जंत झाले म्हणून कुत्रे खात नाही, ताप आला म्हणून खात नाही, दात दुखतो म्हणून खात नाही, आणि मादी माजावर आली म्हणून नरही खात नाही. तेव्हा सांगायचे ते असे: पाणी पिते की तेही सोडले? ओकारी झाली काय, आणि तीत काय पडले? शौच कसे आहे, रक्त आहे काय? लघवीचा रंग कसा? ओठ वर करून हिरडी पाहावी. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते. ती पांढरीफटक दिसली तर अंगात रक्त उरलेले नाही, असे समजावे. अंगावर गोचीड असून हिरडी पांढरी आणि लघवी गडद तपकिरी असेल, तर गोचिडाने रक्तात सोडलेल्या जंतूंचा ताप असण्याचा संभव फार, आणि त्यावर रक्त तपासून नेमके औषध देता येते. कुत्र्याचे अंग आपल्या हाताला नेहमीच गरम लागते. त्याचे स्वाभाविक तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. म्हणून हात लावून ताप ठरवू नये. आकडी येत असेल, लंगडत असेल, विचित्र खोकत असेल, तर आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्यात ते टिपून ठेवावे. दवाखान्यात गेल्यावर कुत्रे घाबरून अगदी शहाण्यासारखे उभे राहते आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही.

आता फाट्यावरच्या औषधांकडे वळू. पहिला मान काळ्या ऑइलचा. कुत्र्याला लूत लागली, केस गेले, कातडी जाड होऊन खाजू लागली, की गॅरेजमधले इंजिनातून काढलेले जळके ऑइल त्याच्या अंगावर ओततात. यात दुष्टपणा नसतो, कणवच असते. म्हणून तर तो उपाय मोडणे अवघड जाते. लूत होते ती कातडीत घर करणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांमुळे. ऑइलाने काही किडे गुदमरत असतील. पण कुत्रे आपले अंग चाटते आणि ते विष पोटात जाते, सोललेल्या कातडीतून आतही झिरपते. वर उन्हाळा परभणीचा! अंगावर तेलाचा थर आणि वर कडक ऊन, म्हणजे जनावर जिवंत भाजणेच होय. खरे औषध महाग नाही. जपानच्या मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून निघालेले आयव्हरमेक्टिन आणि त्याच्या नात्यातली पुढची औषधे लुतीवर उत्तम लागू पडतात. त्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मात्र बैलासाठी आणलेल्या बाटलीतून अंदाजाने सुई भरून कुत्र्याला टोचू नये. वजनाप्रमाणे मात्रा ठरते, आणि कोलीसारख्या काही जातींना हे औषध सोसतच नाही.

गोड खाल्ल्याने कुत्र्याला लूत होते, ही समजूत तर घराघरांत आहे. गूळ-साखर त्याला देऊ नये हे बरोबर, पण लुतीचा दोष गुळाकडे नाही. गूळ बंद करून लोक स्वस्थ बसतात आणि किडे एका कुत्र्याचे चार कुत्र्यांवर जातात. लुतीचा एक प्रकार माणसाच्या अंगावरही काही दिवस खाज आणतो.

दुसरा मान मेडिकल दुकानातल्या गोळीचा. घरात लेकराला दिली आणि ताप उतरला, म्हणून तीच अर्धी करून कुत्र्याला देतात. पॅरासिटामॉल कुत्र्याला घातक होऊ शकते. मांजराला तर एक गोळीही प्राण घेण्यास पुरे. अंगदुखीच्या आपल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. दुकानदार बिचारा माणसांची औषधे ओळखतो, त्याला कुत्र्याचे विचारून आपणच अडचणीत टाकतो. स्वयंपाकघरातही असेच आहे. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षे आणि मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे बंद पडतात, आणि चॉकलेट त्याच्या हृदयाला सोसत नाही. हौसेने पाळलेल्या कुत्र्यांचे हे लाड फाट्यावरच्या कुत्र्यांच्या वाट्याला येत नाहीत, एवढे त्यांचे नशीब चांगले.

पिल्लांचे एक दुखणे मात्र स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. दोन-चार महिन्यांचे पिल्लू अचानक ओकू लागते, रक्ताची दुर्गंधी हगवण लागते, आणि दोन-तीन दिवसांत ते संपते. लोक म्हणतात, नजर लागली, नाहीतर कोणी काही घातले. हा पार्व्हो नावाचा विषाणू. १९७८ च्या सुमारास हा रोग जगात प्रथम ओळखला गेला आणि अल्पकाळात सर्व देशांत पसरला. म्हणून आमच्या वडिलांच्या पिढीला तो ठाऊक नव्हता आणि त्यावर जुना उपायही नाही. हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो. नुसत्या फिनाइलाने त्याचा भरवसा धरता येत नाही, ब्लीचिंग पावडरीच्या पाण्याने जागा धुवावी लागते. मेलेल्या पिल्लाच्या जागी लगेच दुसरे आणून बांधले, तर तेही जाण्याची भीती असते. यावर लस आहे. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत ती द्यावी लागते. एकदा टोचले म्हणजे झाले, असे नव्हे. आईच्या दुधातून आलेली शक्ती पहिल्या लशीला काम करू देत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा टोचावी लागते.

आता ज्यासाठी हा विषय घेतला, त्याकडे येतो. एखादे शांत कुत्रे चारचौघांत येईनासे होते, कोपऱ्यात अंधारात बसते. त्याचा खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, भुंकण्याचा आवाज घोगरा होतो, खाणे तोंडाशी नेते पण गिळता येत नाही. धनी म्हणतो, घशात हाड अडकले. प्रेमाचा माणूस असतो तो! एक जण तोंड उघडून धरतो आणि दुसरा आत बोटे घालून हाड शोधतो. हाड सापडत नाही. कारण ते हाड नव्हतेच, कुत्रे पिसाळलेले होते. पिसाळलेले कुत्रे म्हणजे सुसाट धावणारे, दिसेल त्याला चावणारे, असे आपण समजतो. पण रेबीजचा एक प्रकार असा मुका असतो. तो चावत सुटत नाही. ज्याने माया केली त्याच्याच हाताच्या चिरेतून, खरचटलेल्या जागेतून लाळेवाटे शिरतो. डिस्टेंपर नावाच्या दुसऱ्या रोगातही कुत्र्याला झटके येतात, जबडा थरथरतो. दोहोंतला फरक आपल्याला ओळखता येणार नाही. तेव्हा स्वभाव बदललेल्या, गिळता न येणाऱ्या, लसीचा पत्ता नसलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. त्याला वेगळे कोंडावे, लेकरांना दूर ठेवावे आणि डॉक्टरांना निरोप द्यावा.

हात घातलाच असेल, चावा किंवा ओरखडा असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, तंबाखू, हळद यांतले काहीही भरू नये; त्याने विषाणू आतच जातो. मग त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. कामगारांत एक जुनी धास्ती अजून ऐकू येते, ती पोटातल्या चौदा सुयांची. ती लस मेंढीच्या मेंदूपासून करीत, आणि १९११ मध्ये कसौलीस डेव्हिड सेंपल यांनी ती सिद्ध केली होती. आपल्या देशात २००५ पर्यंत ती बंद झाली. आता सुया दंडात घेतात: कातडीत घेतल्यास पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर जखमेत सीरमही भरून घ्यावे लागते. कुत्रे दहा दिवसांनंतरही धडधाकट असेल, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, असे डॉक्टर मानतात. पण ते दहा दिवस सुई न घेता वाट पाहण्याचे नव्हेत. रोजंदारीचा माणूस एक सुई घेतो आणि मजुरी बुडते म्हणून पुढच्या टाळतो. हे आम्ही पाहिले आहे, आणि याबाबत मुकादमाशी भांडलोही आहोत. लक्षणे बहुधा दोन-तीन महिन्यांनी दिसतात, आणि एकदा दिसली की जवळजवळ कोणीही वाचत नाही. आपल्या देशात वर्षाला किती माणसे अशी जातात याचा जुना अंदाज वीस हजारांचा होता. अलीकडच्या पाहणीत तो पाच-सहा हजारांवर आला आहे. पाच हजार म्हटले तरी एक मोठे गाव उठले!

हे टळते, हा काही पुस्तकी भरवसा नव्हे. शेजारच्या गोव्यात गेल्या दशकात सरकार आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून गावोगाव कुत्री धरली, जाळीत घेऊन लस टोचली, अंगावर रंगाची खूण केली आणि शाळांतून मुलांना शिकवले. पाळीव आणि मोकाट असा भेद केला नाही. शंभरातली सत्तर कुत्री टोचली की रोगाची साखळी तुटते, हा त्यामागचा हिशेब. २०१८ आणि २०१९ या वर्षांत गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही. २०२१ साली केंद्र सरकारने २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचा आराखडा जाहीर केला. पण आराखड्याने कुत्रे टोचले जात नाही. फाट्यावरच्या दहा धन्यांनी वर्गणी काढून वर्षातून एकदा डॉक्टरांना बोलावले, तर कुत्र्यामागे येणारा खर्च चहाच्या काही कपांहून जास्त नाही. पहिली सुई तीन महिन्यांच्या वयाला, दुसरी वर्षाने आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी.

राहिला प्रश्न, दाखवायचे कोठे? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लोक ढोरांचा दवाखाना म्हणतात आणि कुत्रे तेथे न्यायला संकोचतात. संकोच सोडावा. दुखणे अवघड असेल, रक्त तपासायचे असेल, हाड मोडले असेल, तर परभणीला १९७२ साली निघालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथील दवाखान्यात शिकणारे विद्यार्थी आणि शिकवणारे गुरुजी दोघेही असतात, म्हणजे कुत्र्याकडे चार डोळे जास्तच पाहतात. १९८४ च्या कायद्याने रोगाची चिकित्सा करण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या पशुवैद्याला आहे. पिशवीत सुया घेऊन फिरणाऱ्या कोणालाही तो नाही, हे विचारून घ्यायला लाजू नये.

नेताना दुखणाईत कुत्रे धन्यालाही चावते, म्हणून सुती कापडाची लांब पट्टी तोंडाभोवती गुंडाळून हनुवटीखाली गाठ मारावी आणि टोके कानांमागे बांधावीत. ओकणाऱ्या किंवा धापा टाकणाऱ्या कुत्र्याचे तोंड मात्र असे बांधू नये, ते गुदमरेल. कुत्र्याला घाम येतो तो केवळ पंजांना. बाकी सारी उष्णता ते जीभ बाहेर काढून घालवते. मे महिन्यात पत्र्याच्या टपाच्या रिक्षातून न्यायचे झाल्यास पहाटे निघावे, अंगावर साधे पाणी शिंपडत राहावे, आणि मागच्या वेळच्या औषधांचा कागद बरोबर घ्यायला विसरू नये.