आखातातला रुपया कुठे गेला?

आपल्या वस्त्यांतून आखातात नोकरीला गेलेली माणसे आता नवलाईची राहिलेली नाहीत. कुणाचा भाऊ दुबईत वेल्डर आहे, कुणाचा जावई कतारला ड्रायव्हर आहे. दर महिन्याला तिकडून दिरहम, रियाल निघतात आणि इथे बँकेत त्यांचे रुपये होतात. "आज दिरहमाचा भाव काय?" हे घरातली आजीसुद्धा विचारते. पण याच दुबईत, याच कतारमध्ये एके काळी बाजारहाट रुपयात चालत होता, हे किती जणांना ठाऊक आहे? आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. पण कॉलेजात आम्हांलाही हे कुणी शिकवले नाही. पुढे वाचनात आले तेव्हा कळले.

आखाताचा किनारा इंग्रजांच्या छत्राखाली होता आणि तिकडचा कारभार इंग्रज हिंदुस्थान सरकारमार्फत पाहत. तिथले मोती मुंबईच्या बाजारात विकायला येत. परत जाताना गलबते तांदूळ, कापड, चहा, इमारती लाकूड भरून नेत. तिथे शेतीला पाणी नव्हते, गिरण्या नव्हत्या. पोटाला आणि अंगाला लागणारे पुष्कळसे सामान मुंबईहून जायचे, म्हणून मुंबईत चालणारा पैसा तिथे चालायचा. कुवेत, बहरीन, कतार, दुबई, अबुधाबी, मस्कत, सगळीकडे रुपया. कुवेत-बहरीनच्या टपाल कचेऱ्यांत हिंदुस्थानचीच तिकिटे त्या त्या नावाचा शिक्का मारून विकली जात. इंग्रजांची सत्ता होती हे खरेच. पण या पैशाने तांदूळ मिळतो, हा भरवसा असल्यावाचून मोती विकणारा नोट हातात कशाला घेईल?

मग तेल लागले. बहरीनमध्ये १९३२ साली, कुवेत आणि सौदी अरबस्तानात १९३८ साली. दुसरे महायुद्ध संपले आणि १९४६ साली कुवेतचे तेल जहाजांनी बाहेर जाऊ लागले. तेल काढणाऱ्या कंपन्या ब्रिटिश आणि अमेरिकन, त्यामुळे मोबदला पौंडात आणि डॉलरात. मुंबईच्या तांदळावर आणि कापडावर अडून राहण्याची आखाताची गरज संपत चालली. उलट आपल्या मोटारी, रेल्वे इंजिने, घरातले स्टोव्ह तिकडच्या तेलावर अवलंबून राहू लागले.

त्यातच सोन्याची भानगड उपटली. मुंबईत सोन्याचा भाव जगाच्या बाजारापेक्षा बराच चढा होता. दुबईहून गलबतांतून सोने चोरून मुंबईला यायचे आणि त्याच्या बदल्यात रुपयांच्या नोटा तिकडे जायच्या. त्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे परत आल्या की बँकेला त्यांच्यापोटी पौंड मोजावे लागत. म्हणजे तस्करांनी आणलेल्या सोन्याचे बिल देशाच्या तिजोरीतून चुकते होत होते! यावर उपाय म्हणून सरकारने १९५९ साली कायदा दुरुस्त करून आखातासाठी वेगळा रुपया काढला. नोटेचा रंग निराळा, क्रमांकाच्या आधी इंग्रजी 'झेड' अक्षर. हा रुपया आपल्याकडे बाजारात चालत नसे.

पण गळती थांबली तरी पाया खचलाच होता. कुवेतने १९६१ साली स्वतःचा दिनार काढला, बहरीनने १९६५ साली. ६ जून १९६६ रोजी भारत सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. ४ रुपये ७६ पैशांना मिळणारा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. आखातातल्या दुकानदाराचा विचार करा. त्याच्या गल्ल्यात शंभर रुपये होते ते शंभरच राहिले, पण बाहेरच्या मालाच्या हिशेबाने त्यातले छत्तीस रुपये एका रात्रीत गेले, आणि तेही दिल्लीत झालेल्या निर्णयाने. त्याच वर्षी कतार आणि दुबईने आपला रियाल आणला, अबुधाबीने बहरीनचा दिनार घेतला. ओमानमध्ये आखाती रुपया १९७० पर्यंत टिकला, एवढेच.

अवमूल्यनाचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिला आणि नंतर चलनविषयक रॉयल कमिशनपुढे साक्षही दिली. रुपया उतरला की वस्तूंच्या किमती चढतात, मजुरी मात्र मागे राहते. व्यापाऱ्याला जो नफा दिसतो तो मजुराच्या ताटातून गेलेला असतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आपल्या घराघरांत त्यांची तसबीर आहे. त्यांचा हा अभ्यास मात्र अजून घराघरांत गेलेला नाही.

रुपया आखातातून गेला, आणि पुढे पौंडाचाही जोर ओसरला. तेथे डॉलर बसला. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे बंद केले. डॉलर आता कोसळणार असे बोलले गेले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झाले, अरबांनी तेल रोखले, आणि तीन डॉलरच्या घरातले पिंप १९७४ उजाडताना जवळजवळ बारा डॉलरवर गेले. अरबांच्या हाती अमाप पैसा आला. त्याच वर्षी अमेरिकेने सौदी अरबस्तानशी बोलणी करून तो पैसा अमेरिकन सरकारी रोख्यांत परत वळवला. ही गुंतवणूक किती होती हे २०१६ पर्यंत गुप्त होते. तेल फक्त डॉलरातच विकायचे असा करार झाला होता, असे पुष्कळ ठिकाणी छापून येते. आम्हांला ते पटत नाही. कराराची गरजच काय? डॉलर घेणारा सर्वत्र होता आणि तो ठेवायला अमेरिकेचे रोखे होते. वहिवाट पडली.

अमेरिका स्वतः छापलेल्या डॉलरने तेल घेते. आपल्याला तो डॉलर आधी कमवावा लागतो. साधा हिशेब करू. तेलाचे पिंप ८० डॉलरला आहे असे धरा. डॉलर ७० रुपयांना असेल तर पिंप ५,६०० रुपयांना पडते, ८५ रुपयांना असेल तर ६,८०० ला. तेलाचा भाव एक पैसा वाढला नाही, तरी १२०० रुपये जास्त गेले. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलातले शंभरात पंचाऐंशीहून अधिक बाहेरून येते. गृहिणीच्या शेगडीखालच्या सिलिंडरातलाही निम्म्याहून अधिक गॅस परका आहे.

याचा अर्थ १९९१ साली उघडा पडला. आदल्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले, तेल भडकले, तिकडून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय विमानांनी परत आणावे लागले, त्यांनी घरी धाडायचा पैसाही आटला. परदेशी चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले. घरात आजारपण आले की बाई गळ्यातले सोने सावकाराकडे नेते. सरकारनेही तेच केले. जुलै १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे गेले आणि त्याच महिन्यात रुपया दोनदा उतरवला गेला. त्यानंतर जे आर्थिक धोरण आले, त्याने गिरणी-कारखान्यांतल्या कायम नोकऱ्यांचे काय झाले हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यापार रुपयात करण्याची सोय केली. रशियाचे तेल आपण भरपूर घेतले. पण मे २०२३ मध्ये गोव्यातल्या परिषदेला आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह म्हणाले, आमचे अब्जावधी रुपये भारतीय बँकांत पडून आहेत, त्यांचे करायचे काय? रुपयाने त्यांना हवा तो माल पुरेसा मिळेना. मोती विकणाऱ्याचा प्रश्नही हाच होता. फक्त त्याला तेव्हा उत्तर मिळत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंडियन ऑइलने अबुधाबीच्या तेलकंपनीला दहा लाख पिंपांचे पैसे रुपयात दिले. रुपया तिथे पुन्हा घेतला गेला खरा, पण एवढ्या मोठ्या खरेदीत ते ओंजळभर पाणी आहे.

आता सौर ऊर्जेचा बोलबाला आहे. ऊन आपल्याकडे मुबलक, पण सौर पत्रे बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात जगातला ८० टक्क्यांहून जास्त वाटा चीनचा असल्याचे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ साली सांगितले. तेव्हा मालक बदलेल आणि परावलंबन तेच राहील, असे कुणी म्हणेल. आम्हांला यात एक फरक दिसतो. तेल जाळले की संपते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा डॉलर शोधावे लागतात. पत्रा एकदा छपरावर बसला की वीस-पंचवीस वर्षे वीज देतो. विकणारा रुसला तरी तो काही परत घेऊन जाऊ शकत नाही.