शब्द लागतो तेव्हा

मराठीत ठेच लागते, दगड लागतो आणि शब्दही लागतो. क्रियापद एकच. अंगठ्यातून रक्त आले काय किंवा चारचौघांत कुणी जातीवरून, रंगावरून घालूनपाडून बोलले काय, दोन्ही वेळा आपण ‘लागलं’ असेच म्हणतो. गेल्या काही दशकांतल्या मेंदूसंशोधनाकडे पाहिले, तर या एका क्रियापदात केवढे निरीक्षण साठलेले आहे याचे मला फार आश्चर्य वाटते.

२००३ साली नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्कॅनरमध्ये निजलेल्या माणसाने पडद्यावर चेंडू झेलण्याचा साधा खेळ खेळायचा. सोबत आणखी दोन खेळाडू आहेत असे त्याला सांगितलेले. प्रत्यक्षात त्यांच्या वतीने संगणकच खेळत होता. थोडा वेळ चेंडू तिघांत फिरला, मग ते दोघे आपापसांतच टाकू लागले. शिवी नाही, धक्का नाही, फक्त आपल्याकडे चेंडू येईना. तेवढ्यानेही मेंदूच्या अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स या भागात हालचाल वाढली, आणि ज्याला जास्त वाईट वाटले त्याच्या मेंदूत ती जास्त दिसली. शरीराला इजा होते तेव्हा ‘सोसवत नाही’ ही जी जाणीव होते, तिच्याशीही याच भागाचा संबंध आहे. हा भाग इतर पुष्कळ कामे करतो, त्यामुळे दोन्ही वेदना कितपत सारख्या यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. मात्र त्या एकमेकींच्या शेजारणी आहेत, एवढे म्हणायला जागा आहे.

मेंदूत उमटलेले तिथेच थांबत नाही. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रीनल ग्रंथींना निरोप जातो आणि रक्तात कॉर्टिसॉल वाढते. २००४ साली सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी ताण आणि कॉर्टिसॉल यांविषयीच्या २०८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. कॉर्टिसॉल सर्वांत जास्त कधी चढते? जिथे इतर लोक आपली किंमत ठरवत असतात आणि आपल्या हातात काहीच नसते, तिथे. द्वेषाच्या बोलण्यात नेमक्या याच दोन गोष्टी असतात. माणसाने केलेल्या चुकीबद्दल बोलले तर ती सुधारता येते. जन्माबद्दल बोलले तर तो काय करणार? क्वचित चढलेले कॉर्टिसॉल उपयोगाचेच असते, पण रोज चढू लागले की झोप, स्मरणशक्ती आणि रोगप्रतिकारशक्ती यांना त्याची झळ बसते.

कोवळ्या वयात ही झळ अधिक खोल जात असावी. हार्वर्डशी संलग्न मॅक्लीन रुग्णालयातील मार्टिन टायकर यांच्या गटाने २०१० मध्ये १८ ते २५ वर्षांच्या तरुणांचा अभ्यास मांडला. लहानपणी सोबत्यांकडून खूप टाकून बोलणे ऐकलेल्यांमध्ये चिंता आणि नैराश्य जास्त आढळले. ज्यांचे स्कॅन काढले, त्यांच्यात मेंदूचे दोन अर्धगोल जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमच्या धाग्यांतही फरक दिसले. सर्वांत नाजूक ठरली ती साधारण सहावी ते आठवीची वर्षे. अशा अभ्यासातून कारण आणि परिणाम पक्के सिद्ध होत नाहीत, हे ध्यानात ठेवायला हवे.

पण मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रयोग स्कॅनरविना झाला, आपल्याच देशात. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमधील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. प्रत्येक गटात तीन मुलगे उच्च मानल्या गेलेल्या जातींतले, तीन दलित. बरोबर सुटलेल्या कोड्याला पैसे. जातीचा उल्लेख नव्हता, तेव्हा दोन्हींकडची मुले सारखीच हुशार निघाली. दुसऱ्या काही गटांत आरंभीच प्रत्येकाचे नाव, गाव, वडील-आजोबांचे नाव आणि जात मोठ्याने वाचली गेली. मुलाने मान डोलवायची. कुणी हिणवले नाही, आवाजही चढवला नाही. तरी दलित मुलांची सुटलेली कोडी सुमारे पाचव्या हिश्शाने घटली. २००६ साली हे निष्कर्ष छापून आले.

एक शब्द नुसता उच्चारल्याने बुद्धी अडखळावी, हे कसे? माझ्या मते तो शब्द एकटा येत नाही. आधी ऐकलेला प्रत्येक टोमणा आणि वेगळे ठेवलेले प्रत्येक भांडे त्याच्यामागे उभे असते. सातारच्या शाळेत बाबासाहेब आंबेडकरांना स्वतःचे वेगळे तरट आणावे लागे आणि संध्याकाळी घरी न्यावे लागे. कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावत नसे. रोज काखेत तरट घेऊन जाणाऱ्या पोराला कुणी शिवी द्यायची गरजच काय होती?

ऐकणाऱ्या तिसऱ्या माणसाचेही काही बिघडते. पोलंडमध्ये व्हिक्टर सोराल आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवले, की द्वेषाची भाषा वारंवार कानी पडणाऱ्यांना ती हळूहळू खटकेनाशी होते, आणि मग ज्या समाजाविषयी ती बोलली जाते त्याच्याविषयीचा त्यांचा आकसही वाढतो. घट्टे हाताला पडतात, तसे कानालाही.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वाड्या-वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. नुसत्या पाटीने काय होणार, असे म्हणणारे तेव्हाही होते. पण शाळेच्या प्रवेश अर्जावर, शिधापत्रिकेवर पत्ता असतोच. जुन्या नावाच्या वस्तीतले मूल तो पत्ता सांगायचे, तेव्हा कोडे हाती पडण्याआधीच त्याची जात मोठ्याने वाचून झालेली असायची.