हस्तांतरणीय प्रतिकार

कोलिस्टिन हे जुने प्रतिजैविक. मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून माणसांसाठी ते मागे पडले; पुढे इतर औषधे निष्प्रभ ठरू लागल्यावर अतिदक्षता विभागात तेच अखेरचा आधार झाले. चीनमध्ये मात्र डुकरांचे वजन वाढावे म्हणून ते खाद्यात मिसळले जात होते.

नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी कोलिस्टिनला दाद न देणारे 'एमसीआर-१' हे जनुक जाहीर केले. ते जिवाणूच्या गुणसूत्रात नव्हे, तर प्लाझ्मिड नावाच्या लहान वर्तुळाकार डीएनएवर होते. गुणसूत्रातील बदल ही वडिलोपार्जित मिळकत; ती बहुधा वंशजांकडेच जाते. प्लाझ्मिड हुंडीसारखे हातोहात फिरते. शेजारच्या परक्या जातीच्या जिवाणूलाही त्याची प्रत मिळते आणि देणाऱ्याकडची मूळ प्रत शाबूत राहते. असा व्यवहार कोणत्याही पेढीवर होत नाही!

८०४ डुकरांपैकी १६६, तर १,३२२ रुग्णांच्या नमुन्यांपैकी १६ नमुन्यांतील जिवाणूंत हे जनुक आढळले. त्यावरून ते पशूंकडून माणसांत आले असावे, असे अनुमान निघाले.

शाकाहारी कुटुंबांनी आपण सुटलो असे समजू नये. शेणखत व सांडपाणी यांच्या वाटेने असे जिवाणू पाण्यात आणि भाजीपाल्यावर येऊ शकतात.

चीनने २०१७ मध्ये खाद्यातील हा वापर थांबवला. त्यानंतर डुकरांमधील या जनुकाचे प्रमाण घटले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नोत्पादक पशू, कुक्कुटपालन, मत्स्यपालन व पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनच्या निर्मिती, विक्री आणि वितरणावर बंदी घातली. पशुखाद्याचा व्यापार करणाऱ्या पेढ्यांनी माल उतरवून घेताना गोणीवरील घटकांची यादी वाचलेली बरी.