दोन डॉक्टर, दोन मतं : संशयापासून निर्णयापर्यंत

न्यायदर्शनात जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत 'संशय' आहे आणि 'निर्णय'ही आहे. या दोहोंमधली वाट कशी चालायची, हे आज आपण व्यवहारातल्या एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण आहे चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्याचं, म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचं.

आधी दुखणं समजून घेऊ. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी ही पाचवी नस. तिच्या तीन शाखा: कपाळाकडे, गालाकडे आणि खालच्या जबड्याकडे. या आजारात चेहऱ्याच्या एका बाजूला विजेचा झटका बसावा तशी कळ येते. ती काही सेकंद टिकते, फार तर दोन मिनिटं. दात घासणं, घास चावणं, दाढी करणं, गार वाऱ्याची झुळूक, एवढंही कारण पुरतं. कळ दातात वाटते, म्हणून पुष्कळ जण आधी दंतवैद्याकडे जातात आणि चांगली दाढ काढून बसतात. बऱ्याच रुग्णांत नस मेंदूतून बाहेर पडते त्या जागी एखादी रक्तवाहिनी तिच्यावर दाब देत असते. निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून होतं. गाठ किंवा दुसरा आजार नाही ना, हे पाहायला एमआरआय करतात.

आता उपाय. पहिलं औषध कार्बामाझेपिन. ते अपस्माराचं औषध, पण १९६० च्या दशकापासून या दुखण्यावर वापरलं जातं. पुष्कळांना लवकर आराम पडतो. मात्र झोप येते, तोल जातो, रक्तातलं सोडियम उतरू शकतं. अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, कारण क्वचित ती गंभीर प्रतिक्रिया असते. आणि गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही.

शस्त्रक्रियेत मुख्य पर्याय असा: कानामागे कवटीला लहान खिडकी पाडून ती रक्तवाहिनी नसेपासून दूर करतात आणि मध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ११८५ रुग्णांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनंतर ७० टक्के रुग्ण औषधाशिवाय वेदनामुक्त होते. काहींना त्यासाठी दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली. सुमारे १ टक्का रुग्णांचं त्या बाजूचं ऐकणं गेलं, दोघे दगावले. याशिवाय सुईने नस बधिर करणं किंवा गॅमा नाइफचे किरण देणं हेही मार्ग आहेत. ते सोपे पडतात, पण त्यांत चेहरा बधिर होण्याची आणि दुखणं परतण्याची शक्यता असते.

आमच्या सौ.ना हा त्रास आहे. आम्ही दोन मतं घेतली. मज्जाविकारतज्ज्ञ म्हणाले, 'गोळ्या चालू ठेवा.' शल्यविशारद म्हणाले, 'शस्त्रक्रिया करून घ्या, वय वाढतंय.' आता खरं कुणाचं?

वात्स्यायन 'आप्त' कुणाला म्हणतो? ज्याने विषय साक्षात जाणला आहे आणि जसा जाणला तसा सांगण्याची ज्याची इच्छा आहे, त्याला. या व्याख्येने दोघेही डॉक्टर आप्तच! मग दोन आप्तांचं पटत नाही तेव्हा काय करायचं? 'कोण मोठा' हे विचारून उपयोग नाही. कोण कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय, ते पाहायचं. एकाचा प्रश्न होता, 'आज वेदना आटोक्यात आहे का?' दुसऱ्याचा होता, 'पाच वर्षांनी काय असेल?' दोन्ही उत्तरं आपापल्या प्रश्नाला बरोबर होती.

म्हणून मतभेदाचे दोन भाग करावेत. एक भाग वस्तुस्थितीचा: एमआरआयमध्ये दाब स्पष्ट दिसतो का, सोडियम किती आहे, या सर्जननी स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांचे रुग्ण पुढे कसे राहिले. हे विचारायला संकोच करू नका, चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही. दुसरा भाग मूल्याचा: कोणता धोका मला सोसेल? याचं उत्तर कोणत्याही डॉक्टरकडे नाही.

सौ.ंचा उजवा कान आधीच अधू आहे आणि दुखणं डाव्या बाजूला. आकडा तोच, १ टक्का, पण त्यांच्यासाठी तो एकुलता एक कान आहे. त्या म्हणाल्या, 'नातीचा आवाज ऐकू आला पाहिजे.' याला कुणी भावनिक म्हणेल. आम्ही म्हणू, हेच खरं वजन करणं आहे.

पण एक सावधगिरी. गोळी घेत राहणं म्हणजे 'काहीच न करणं' नव्हे. झोक जाऊन पडलं आणि खुबा मोडला, तर तोही आपल्या निर्णयाचाच परिणाम. शस्त्रक्रिया परत फिरवता येत नाही हे खरं, पण वयही परत फिरत नाही. म्हणून थांबायचं तर अटी ठरवून थांबावं. आम्ही कागदावर लिहून ठेवलं: मात्रा वाढवून तोल जायला लागला, सोडियम उतरलं किंवा जेवण सुटलं, तर शस्त्रक्रियेचा विचार पुन्हा करायचा, आणि त्यासाठी आज ज्यांना भेटलो त्या सर्जनकडेच जायचं.

हा कागद कळ नसताना लिहावा. या आजारात मध्ये मध्ये बरे दिवस येतात, तेव्हा माणूस सगळं विसरतो. आणि कळ आली की कशालाही 'हो' म्हणतो. विचाराची वेळ बऱ्या दिवसांतच असते.

निर्णय म्हणजे संशय मरणं नव्हे. संशय कुठे उरलाय हे ठाऊक असताना पाऊल टाकणं, म्हणजे निर्णय. इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.